साऊथ पार्कचा नवा सीझन, जुने दिवस आणि तुमचे किस्से : अनुभव धागा

उसळपाव

परवा भाच्याने एक क्लिप पाठवली, खाली लिहिलेलं "मामा हे बघ, भन्नाट नवीन कार्टून आलंय". उघडतो तर साऊथ पार्क! म्हटलं गाढवा, तू रांगतही नव्हतास तेव्हापासून मामा हे बघतोय. चार शिवराळ शाळकरी पोरांचं हे मोठ्यांसाठीचं कार्टून अमेरिकेत ऑगस्ट १९९७ ला सुरू झालं, आमच्यापर्यंत पोचलं ते हॉस्टेलच्या लॅनवरून, कुणातरी सिनियरच्या शेअर्ड फोल्डरमधून, अर्ध्यात अडकणाऱ्या फायली, एका पीसीसमोर सगळी विंग, आणि चौघांतला केनी जॅकेटच्या टोपीतून जे काय पुटपुटायचा ते तिकडच्या लोकांनाही धड कळत नाही हे खूप नंतर समजलं, तोवर सगळे एकमेकांकडे बघून कळल्यासारखे हसायचो.

तर त्या क्लिपच्या नादाने नवीन सीझन पूर्ण बघून टाकला. २०२३ च्या मार्चनंतर सीझन असा आलाच नव्हता, मग २३ जुलै २०२५ ला २७ वा सुरू झाला आणि पहिल्याच एपिसोडला ट्रम्प थेट सैतानाच्या बिछान्यात. आधी शाळेतल्या मास्तरला, मिस्टर गॅरिसनला, ट्रम्पसारखं नारिंगी करून आडून टोले द्यायचे, आता आडपडदाच नाही. बरं त्याच आठवड्यात शोच्या मालक कंपनीबरोबर, पॅरामाउंटबरोबर, पाच वर्षांचा दीड अब्ज डॉलरचा करार झालेला, आणि त्याच पॅरामाउंटने ट्रम्पचा दावा मिटवायला १.६ कोटी डॉलर मोजलेले त्याचीच टिंगल! खाल्ल्या घरचे वासे मोजायचे तर असे. व्हाइट हाऊसने म्हणे सांगितलं की या शोला गेल्या वीस वर्षांत कुणी विचारत नाही. मग तुम्ही कशाला विचारताय बाबांनो.

पण खरं सांगू, तो सैतानाचा प्रकार मला शेवटी शेवटी कंटाळवाणा झाला, तोच जोक किती उगाळणार. मला धरून ठेवलं ते चौघांतल्या जाड्या कार्टमनने. हा पोरगा सगळ्यांना नको ते बोलतो म्हणून आपण इतकी वर्षं हसलो ना, आता बघतो तर सगळं गावच त्याच्यासारखं बोलतंय, मोठी माणसं, टीव्हीवर, राजरोस. ज्यांना चिडवायचं तेच उरले नाहीत. कार्टमन इतका खचतो की मित्राला, बटर्सला, घेऊन गॅरेजमध्ये गाडी चालू करून जीव द्यायला बसतो, आणि गाडी निघते इलेक्ट्रिक. दुसऱ्या एपिसोडात वर्गातला क्लाईड पॉडकास्ट काढून तेच सगळं बोलून पैसे कमावतो आणि कार्टमन भडकतो की अरे हे तर माझं आहे! मी खूप हसलो आणि मग जरा गप्पच झालो. टिंगल करणाऱ्याने आता करायचं काय, जिची टिंगल करायची ती गोष्टच त्याच्यापुढे चार पावलं गेली, हे या एका जाड्या पोराकडून जे कळलं ते त्या सगळ्या नागड्या ट्रम्पमधून नाही कळलं.

असो. तुम्ही पहिल्यांदा कुठे बघितलं, कुणी पकडलं, कधी सोडलं, नवीन कसं वाटलं, येऊ द्या. ते दुसरं अमेरिकन कार्टून बघणारे सिम्प्सन्सवालेही चालतील पण भांडणं नकोत.

गच्चीवरचा

अरे देवा केनीला मारलं!!
नालायकांनो!!
बास, शोमधला हा जुना डायलॉग लिहायलाच लॉगिन केलं

खडीसाखर

आमच्याकडे रामायण झालं होतं यावरून. लेक सात वर्षांचा, मला पोळ्या करायच्या होत्या, नवऱ्याला म्हटलं याला काहीतरी कार्टून लावून दे, नवऱ्याने गोल गोल डोक्याची पोरं बघून लावलं आणि स्वतः घोरायला लागला. रात्री जेवताना लेकाने सासऱ्यांना विचारलं आजोबा अमुक म्हणजे काय हो. अमुक इथे लिहू शकत नाही. सासरे मिलिटरीतून रिटायर आहेत, त्यांनी अर्थ माहीत असूनही "तो एक मासा असतो" म्हणून सांगितलं. पुढचे कित्येक महिने घरात बाजारात गेलं की तो मासा आणायचा का हा विषय
कुकर झाला, नंतर येते

कोकणकडा

हहपुवा. मासा 😂😂 सासऱ्यांना दंडवत सांगा

नागपुरी तर्री

काहून बे पण हे सीझनचं काय लावलं यांनी? पाच एपिसोड केले न् २७ वा खतम, ऑक्टोबरात पुढचा एपिसोड आला तर म्हणे हा २८ वा. दोन दोन आठवडे वाट पाहा, वरून एकदा तर टायमावर झालाच नाही, स्वतःच सांगून टाकलं का सगळं ऐनवेळेवर करतो न् कधी कधी नाही होत. माह्या इंजिनिअरिंगच्या सबमिशनचं असंच होतं भौ, मले कोणी दीड अब्ज देल्ले नाही

फ्रेमवाला

@नागपुरी तर्री, ते ऐनवेळेचं गंमत म्हणून नाही हो, पद्धतच ती आहे. मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो. पहिला एपिसोड खरोखर रंगीत कागद कापून केला होता, एकेक तुकडा सरकवायचा, फोटो, परत सरकवायचा, बावीस मिनिटांना काही महिने गेले. नंतर कॉम्प्युटरवर गेले आणि आता ज्या माया नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लोक थ्रीडी राक्षस आणि डायनासोर करतात त्यात हे लोक मुद्दाम कागद कापल्यासारखं दिसेल असं करतात. त्यामुळे गुरुवारी विषय ठरवून पुढच्या बुधवारी प्रक्षेपण होऊ शकतं, सहा दिवसांत. दुसऱ्या मालिकांचं आठ-दहा महिने आधी लिहून झालेलं असतं, तेव्हा बातमी शिळी होते. २०१३ मध्ये स्टुडिओतली वीज गेली म्हणून पहिल्यांदा तारीख चुकली होती. आमच्याकडे क्लायंट सांगतो लोगो थोडा मोठा करा आणि त्यालाच सहा दिवस जातात.

चित्र साधं ठेवलं म्हणून वेळ वाचतो, वेळ वाचतो म्हणून ताजं राहतं. विद्यार्थ्यांना हे सांगून थकलो, सगळ्यांना चकाचक पाहिजे.

शंकासुर

धागाकर्त्याशी अंशतः असहमत. जो तो म्हणतोय की पूर्वी दोन्ही बाजूंना सारखं झोडपायचे, आता एकालाच धरलंय म्हणून मजा गेली. दोन्ही बाजू सारख्याच मूर्ख असं म्हणण्यात एक आळशीपणा असतो तो कुणाला दिसत नाही. २००६ मध्ये अमेरिकेचा माजी उपाध्यक्ष अल गोर हवामानाबद्दल ओरडतोय तर त्याला वेड्यात काढलं, अर्धा माणूस अर्धं अस्वल अर्धं डुक्कर असा राक्षस त्याच्या डोक्यात आहे म्हणून. (तीन अर्धे, मोजून घ्या.) मग २०१८ ला तोच राक्षस खरा निघालेला दाखवून कार्टमन कंपनीला गोरपुढे हात जोडायला लावले. म्हणजे त्यांनाही कळलंच होतं. त्यामुळे यावेळी बाजू घेतली तर बिघडलं काय?

उसळपाव

शंकासुर, बाजू घेण्याला माझी ना नाहीच. एकच जोक परत परत करण्याला आहे. बाजू घ्या पण हसवा तरी

शंकासुर

हसणे सापेक्ष आहे.

गच्चीवरचा

झालं सुरू 🍿

परसातली जास्वंद

आम्ही न्यू जर्सीत. दुसरा एपिसोड नवऱ्याबरोबर बघत होते, तो मॅकी, शाळेतला समुपदेशक, म्के म्के करणारा, त्याची नोकरी जाते आणि घर चालवायला काहीतरी पाहिजे म्हणून आईसमध्ये, म्हणजे बेकायदा स्थलांतरितांना पकडणाऱ्या सरकारी खात्यात, भरती होतो. भरती पण कशी, आलात? घ्या मास्क, चला. मग डोरा या लहान मुलांच्या कार्टूनच्या लाइव्ह शोवर धाड, मग थेट स्वर्गात धाड, तिथेही लोकांना पकडतायत. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी, आणि नवरा एकदम म्हणाला तुझं व्हिसा एक्स्टेंशनचं पत्र कुठल्या फाइलमध्ये ठेवलंयस गं. आम्ही सगळे कागद नियमाप्रमाणे, तरी पॉज करून फाइल काढून बघितली. हल्ली असंच आहे इकडे. भारतात बसून बघताना तो जोक वाटत असेल, आमच्याकडे ती ग्रुपवरची रोजची चर्चा आहे.
मॅकीला मात्र वाईट माणूस नाही दाखवलंय, पगारासाठी गेलेला साधा माणूस आहे तो, ते जास्त लागलं.

खडीसाखर

जास्वंद, काळजी घे गं. फोटोकॉपी पर्समध्ये ठेव आणि मूळ कागद घरी.

परसातली जास्वंद

हो गं ताई, तसंच करते. तुझा मासा वाचून मात्र खूप बरं वाटलं 😄

आळूवडी

मी हे बघितलेलं नाही, मुलगा बघायचा तेव्हा मी खोलीत गेले की स्क्रीन बंद, मला वाटायचं भलतंच काही बघतोय. आता तो बंगलोरला, आणि घरात नवीन वेड लागलंय ते ह्यांना. रिटायर झाल्यापासून दिवसभर त्या चॅटजीपीटीशी बोलत असतात. गच्चीत मशरूम लावू का? तो म्हणतो अतिशय सुंदर कल्पना, तुमच्यासारखा दूरदृष्टीचा माणूस विरळा. जुन्या स्कूटरला सोलर लावू का? वा, क्रांतिकारी विचार. पस्तीस वर्षांच्या संसारात मी एकदाही दूरदृष्टी म्हटलं नाही म्हणून आता माझ्याकडे बघतात तेही वेगळ्याच नजरेने. विषय सोडून लिहिलं, माफ करा हं सगळ्यांनी.

फ्रेमवाला

काकू, विषय सोडून कुठे, हा तर तिसरा एपिसोड आहे अख्खा! चौघांतल्या स्टॅनचा बाप रँडी, त्याच्या गांजाच्या शेतावर धाड पडते, कामगार नेतात, मग हा रात्री अंथरुणात चॅटजीपीटीला धंदा कसा वाचवू विचारत बसतो आणि ते प्रत्येक खुळ्या कल्पनेला वा वा करतं. बायको शेजारी पडून ऐकतेय. काकांना दाखवाच. नको, नका दाखवू.

आळूवडी

अगं बाई! शेवटी काय होतं त्या माणसाचं?

नागपुरी तर्री

वावर इकून टाकते काकू न् परत जुन्या घरात राहाले येते. २०१८ पासून ते वावर पाहून पाहून आम्ही पकलो होतो, सुटलो एकदाचे

आळूवडी

चला, म्हणजे मशरूमचंही असंच होईल. पन्नास पिशव्या आणून ठेवल्यात कोरड्या भुशाच्या.

चेंबूरकर चालू लोकल

सिम्प्सन्सवाल्यांना परवानगी आहे म्हणून लिहितोय. १९९३ चा मोनोरेलचा एपिसोड कुणाकुणाला आठवतो? एक सुटाबुटातला माणूस गावात येतो, गाणं म्हणतो, सगळं गाव खुळावतं, गरज नसलेली मोनोरेल घेतात. मी स्टार वर्ल्डवर बघून खो खो हसलेलो. मग २०१४ ला आमच्या चेंबूर ते वडाळा सुरू झाली. यापुढे मी काही बोलत नाही, फक्त ते गाणं मला अजून पाठ आहे.

आणि अपू, त्यातला भारतीय दुकानदार. कॉलेजात असताना मला अपू आवडायचा, दुकान सांभाळणारा, पीएचडी झालेला, सगळ्या गावात हाच एक धड काम करतो. नंतर कझिन, तिकडेच वाढलेली, ती म्हणाली शाळेत आम्हाला रोज त्या आवाजात चिडवायचे. हँक अझारियाने २०२० ला तो आवाज द्यायचं सोडलं तेव्हा इकडे आमचा ग्रुप वैतागला होता की जोक कळत नाहीत लोकांना, मी गप्प बसलो. मजा घेणारे आम्ही इथे आणि मार खाणारी ती तिथे, काय बोलणार.

कोकणकडा

ट्रम्प अध्यक्ष होणार हे पण सिम्प्सन्सने २००० सालीच सांगितलं होतं ना?

चेंबूरकर चालू लोकल

हो, त्यातली शाळकरी लिसा मोठी होऊन अध्यक्ष होते आणि ट्रम्पने तिजोरी रिकामी करून ठेवलीय असं एक वाक्य आहे. पण व्हॉट्सअॅपवर फिरतात ती बाकीची ८०% भाकितं फोटोशॉप, फॉरवर्ड करू नका प्लीज.

शंकासुर

८०% चा विदा कुठून?

चेंबूरकर चालू लोकल

माझ्या काकांच्या ग्रुपवरून 🙏

लाल डब्बा

शेफ कुणाच्या लक्षात नाही का? शाळेच्या कँटीनमधला, पोरांनी काही विचारलं की गाणं सुरू करणारा. आयझॅक हेजचा काय आवाज होता राव. सायंटॉलॉजीवरचा एपिसोड झाला, हेज स्वतः त्याच पंथाचा, आणि २००६ ला तो सोडून गेला, तेव्हा माझं पण बघणं सुटलं ते सुटलंच. आमच्या मेसच्या मामांना आम्ही शेफच म्हणायचो, सल्ले सेम द्यायचे, आवाज मात्र फाटका

डेन्व्हरची धाकटी

उशिरा आले. डेन्व्हरला राहते त्यामुळे लिहिणं भागच आहे. तर साऊथ पार्क खरंच आहे बरं का, डोंगरांच्या मध्ये मोठ्ठं सपाट पठार, त्यातलं मुख्य गाव फेअरप्ले, जवळजवळ ३००० मीटरवर. तिथे खाणकामगारांच्या काळातली जुनी घरं आणून वसवलेलं म्युझियम आहे, साऊथ पार्क सिटी नावाचं. मी कार्टमनचं घर शोधत गेलेले, मिळालं दंतवैद्याचं दुकान. जाताना रस्त्यात कॉनिफर लागतं, शो करणाऱ्या दोघांपैकी ट्रे पार्कर तिथे वाढला. थंडीत त्या भागात चार पोरं टोप्या घालून बस स्टॉपवर उभी दिसली की हसू आवरत नाही, खरंच तसंच दिसतं.

आणि कासा बोनिता!! २००३ च्या एपिसोडात कार्टमन त्या हॉटेलात जायला मिळावं म्हणून बिचाऱ्या बटर्सला लपवून ठेवतो ना, ते लेकवुडमध्ये खरोखरचं आहे, गुलाबी मनोरा, आत धबधबा, वरून लोक उड्या मारतात. बंद पडलं होतं, २०२१ ला पार्कर आणि त्याचा जोडीदार मॅट स्टोनने विकतच घेतलं आणि दुरुस्तीवर चार कोटी डॉलरच्या वर घातले. पूर्वी जेवण इतकं वाईट असायचं की लोक फक्त शेवटच्या सोपापियासाठी जायचे, म्हणजे फुगलेली पुरी आणि वर मध. टेबलावरचा छोटा झेंडा वर केला की अजून आणून देतात. सासूबाई आलेल्या तेव्हा नेलं, त्यांना कार्टून वगैरे काही माहीत नाही, त्यांनी झेंडा खालीच येऊ दिला नाही. वर मला म्हणतात पुरीत मोहन कमी पडलंय.

खडीसाखर

झेंडा 😂 आमच्याकडे पण पाहिजे असा, ओरडून पोळी मागतात सगळे

गच्चीवरचा

भारतात कुठे दिसतं हे? कायदेशीर सांगा

नागपुरी तर्री

कायदेशीर म्हणते न् नाव गच्चीवरचा

कोकणकडा

@डेन्व्हरची धाकटी, बहिणीकडे बोल्डरला येतोय मार्चमध्ये, हे फेअरप्ले एका दिवसात होतं का? आणि गाडी भाड्याची असेल, बर्फात चालवलेली नाही कधी, रत्नागिरीचा माणूस आहे मी

डेन्व्हरची धाकटी

एका दिवसात होतं, पण मार्चमध्ये वर भरपूर बर्फ असतो आणि केनोशा पास चढून जावं लागतं, सवय नसेल तर बहिणीला चालवायला सांगा. ते म्युझियम उन्हाळ्यातच उघडं असतं त्यामुळे मार्चात बाहेरूनच बघाल. त्यापेक्षा कासा बोनिता करा, आधी तिकीट काढून ठेवा. तारखा कळवा, चार जण जमले तर आम्ही पण येतो. सासूबाई परत येतायत तेव्हाच.