लाँग हॅलोवीनमधला खुनी नक्की कोण? (शेवट फुटेल, सांभाळून)

मंडळी, बॅटमॅनचं 'द लाँग हॅलोवीन' (१९९६-९७) हे कॉमिक, तेराही भाग, संपवलं आणि डोकं फिरलंय. माफिया डॉनचा मुलगा अल्बर्टो फाल्कोन सगळे खून कबूल करतो, पण शेवटच्या पानांवर सरकारी वकील हार्वे डेंटची बायको गिल्डा म्हणते सुरुवातीचे मी केले आणि पुढचे हार्वेने, मग खोटं कोण बोलतंय? न्यू इयरपर्यंतचे (म्हणजे सुरुवातीच्या खुनांचे) भाग परत वाचले, पिस्तूल सगळीकडे तेच .२२ कॅलिबरचं त्यामुळे काही कळेना. २०२१चा ॲनिमेशन पिक्चर नका सांगू, त्यात शेवटच बदललाय. याच्या पुढची गोष्ट असलेलं 'डार्क व्हिक्टरी' अजून वाचलं नाही, फोंड्यात मिळत नाही, ऑनलाईन मागवायचं तर महाग पडतं. त्यातलं बाकी काही न फोडता एवढंच सांगा, गिल्डाचा उलगडा त्यात होतो की तिथेही लटकवूनच ठेवलंय?