शिवारात फिरताना टिपलेली जनावरं-पाखरं: तुमचेही अनुभव सांगा

माळावरची
काल कपाट आवरताना जुना मोबाईल सापडला. चार्जिंगला लावला तर चक्क सुरू झाला. त्यात 2016 च्या उन्हाळ्यातला टिटवीच्या अंड्यांचा फोटो निघाला. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तोच उन्हाळा. आमचं रान अंबाजोगाईकडं, बालाघाटाच्या माळावर. दादांबरोबर धुऱ्यानं चालले होते. एकदम टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली. पायाशी बघते तर ढेकळांत चार अंडी, निमुळती टोकं आत, मातीच्याच रंगाची, वर काळे ठिपके. मी वाकून एक फोटो काढला, दुसरा काढायला गेले तर दादा म्हणाले, "माय, मागं सर. ऊन बघ. ती सावली धरती म्हणून अंडी टिकत्यात." लिंबाखाली जाऊन बसलो. टिटवी लांब उतरली, थांबत थांबत चालत आली आणि अंड्यांवर उभी राहिली. छातीखालची पिसं ओली होती. पुढच्या पाळीला दादांनी तेवढ्या जागेपुरता वखर उचलून घेतला.
दादा जाऊन चार वर्षं झाली. फोटोच्या कडेला त्यांची सावली पडलीय, हे मला काल पहिल्यांदा दिसलं.

उदगीरी
ताई, सावलीचं वाचून गलबलून आलं.
आमचा देवणी बैल, राजा. पोळ्याला फोटो काढायचो तर अंग लख्ख पांढरं आणि तोंड म्हणजे नुसता काळा गोळा, डोळाच दिसायचा नाही. मग भाच्यानं शिकवलं, पडद्यावर बैलाच्या तोंडावर बोट ठेवायचं, उजेड तिथला धरतो. त्या वर्षी पहिल्यांदा डोळा आला फोटोत. पाणीदार, आणि त्यात दारातलं तोरण दिसतंय. पुढं विकावा लागला. अण्णांनी दावं ठेवून घेतलं, अजून खुंटीला आहे.

कंधारकर
वाणेरा होता का, म्हणजे पांढऱ्या अंगाचा, काळ्या तोंडाचा?

उदगीरी
हो, वाणेराच. शेजाऱ्यांकडं शेवरा होता, ठिपक्यांचा.

कंधारकर
आमच्याकडं लाल कंधारी. तो लाल रंग दुपारी मळकट येतो, दिवस उगवताना काढा, तांब्याच्या घागरीसारखा झळकतो. जोडी सांभाळणारे कमी झाले हो. पेरणी ट्रॅक्टरनं, मग बैल कशाला म्हणतात. माझ्या आईला गोठा रिकामा बघवत नाही, म्हणून एक गाय ठेवलीय.

पाटोदेकर
काळविटांचं लिहितो. नायगावच्या मोरांसाठी पाहुणे येतात, पण आमच्या रानात रोज हरणंच. पायी निघालं की पळतात, ट्रॅक्टरवर बसून गेलं की मान वर करून उभी राहतात. नर वयानं वाढतो तसा पाठीवरून काळा होत जातो, मादी मातकटच. फोटो सुंदर येतात. पण हरभऱ्याचे शेंडे रात्रीत साफ! दोनदा अर्ज दिला, पंचनाम्याला कुणी फिरकलं नाही. तरी मारावंसं कधी वाटलं नाही, थंडीत जागलीला बसतो.
एक कळकळीनं सांगतो. ज्वारीत पाडस एकटं बसलेलं दिसलं तर उचलून आणू नका. आई त्याला दडवून चरायला गेलेली असते. गेल्या साली पोरांनी एक घरी आणलं फोटोसाठी. मी संध्याकाळी परत तिथंच नेऊन ठेवलं आणि लांब थांबलो. अंधार पडता पडता आई आली.

रेणापूरची सून
बरं झालं सांगितलं भाऊ. आमच्याकडंही असंच एक आणलं होतं, दूध पाजलं, दोन दिवसांत गेलं. लेकरं लई रडली.

नाथसागर
पैठणकडं कुणी येणार असाल तर हिवाळ्यात पहाटे या. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, धरणाचं पाणी उतरलेल्या चिखलात उभे असतात, चोच उलटी धरून पाणी गाळतात. जवळ गेलात की सगळा थवा उठतो, त्यांचं खाणं मोडतं. लांबूनच बघा.

रेणापूरची सून
हुरडा कधी सुरू होतो तिकडं? लेकरांना आणायचंय.

नाथसागर
पौषात या वहिनी. गुळभेंडी, हुरड्याची ज्वारी, पेरलीय थोडी.

येडशीवाला
रामलिंगला माकडांना शेंगदाणे देऊन फोटो काढू नका, हात जोडतो. पिशवी दिसली की अंगावर येतात आता. माझ्या आत्याला ओरबाडलं.

उदगीरी
आत्या बऱ्या आहेत ना?

येडशीवाला
हो, सुया घेतल्या सगळ्या. आता ठीक.

कंधारकर
माळावरची ताई, टिटवीचा फोटो टाका की.

माळावरची
चार्जरची पिन ढिली आहे, लेक हातानं धरून बसली होती तेवढ्यात लाईट गेली. आली की टाकते.

उदगीरी
अख्खा टाका, कडा कापू नका.

माळावरची
नाही कापत.