बेव्हल गिअरच्या शाफ्टवर एकच टेपर्ड रोलर बेअरिंग चालेल का?

प्रश्न
बेव्हल गिअर (शंकूच्या आकाराचा दातेरी गिअर) बसवलेल्या शाफ्टवर अक्षीय भार, म्हणजे शाफ्टच्या लांबीच्या दिशेचा भार, नेहमी एकाच दिशेने येतो. अशा वेळी एका टोकाला एकेरी टेपर्ड रोलर बेअरिंग (निमुळत्या रोलरचे बेअरिंग) आणि दुसऱ्या टोकाला साधे सिलिंड्रिकल रोलर बेअरिंग बसवले तर चालेल का? तसेच अक्षीय भार जास्त पेलावा म्हणून टेपर्ड बेअरिंगची ३०२ ऐवजी ३१३ मालिका घेण्याचा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर
असे करू नये. टेपर्ड बेअरिंगच्या धावपट्ट्या (रोलर ज्यांवर फिरतात ते पृष्ठभाग) तिरक्या असल्यामुळे केवळ त्रिज्यीय, म्हणजे शाफ्टला आडवा, भार आला तरी आतली रिंग बाहेरच्या रिंगमधून सुटू पाहते आणि हा आपोआप निर्माण होणारा अक्षीय जोर अडवण्यासाठी उलट्या तोंडाचे दुसरे टेपर्ड बेअरिंग लागते. त्रिज्यीय भाराला वाय गुणकाच्या (उत्पादकाच्या तक्त्यातील अक्षीय भाराच्या गुणकाच्या) दुपटीने भागले की हा जोर मिळतो. ३०२ मालिकेतील ३०२०८ या बेअरिंगचा वाय १.६ आहे, म्हणजे १० किलोन्यूटन त्रिज्यीय भारातून सुमारे ३.१ किलोन्यूटन जोर तयार होतो. ३१३ मालिकेत धावपट्टीचा कोन मोठा आणि वाय सुमारे ०.७२ असल्यामुळे तोच आकडा ६.९ वर जातो. त्यामुळे मोठा कोन सरसकट फायद्याचा नसतो. प्रत्यक्ष अक्षीय भार खरोखरच मोठा असेल तेव्हाच तो घ्यावा. (येथे कोन म्हणजे अँगल, वर्कशॉपमध्ये आतल्या रिंगलाही ‘कोन’ म्हणतात, म्हणून खुलासा केला.)

दुसरे उत्तर
वरील उत्तराशी सहमत आहे. जोडी बसवताना रोलरची जाड टोके बाहेरच्या बाजूला ठेवावीत, म्हणजेच बेअरिंगे पाठीला पाठ येतील अशी लावावीत. त्यामुळे भार पेलणारे बिंदू एकमेकांपासून लांब जातात आणि शाफ्ट कलंडत नाही. चाकाच्या हबमध्येही हीच रचना असते. दोन ओळींची बेअरिंगे तयार जोडीच्या स्वरूपात मिळतात, तर चार ओळींची बेअरिंगे रोलिंग मिलच्या रोलसाठी वापरतात, कारण तेथे जागा कमी आणि भार प्रचंड असतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. जोडीच बसवतो. नट किती आवळावा?

पहिले उत्तर देणारे
पिनियनला (जोडीतील लहान गिअरला) प्रीलोड देतात, म्हणजे बेअरिंगे आधीच थोडी दाबून बसवतात, चाकाच्या हबमध्ये मात्र किंचित एंड प्ले (लांबीच्या दिशेने मोकळीक) ठेवतात. नेमके माप उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावे. नट आवळताना शाफ्ट सतत फिरवत राहावे, कारण रोलरची जाड टोके आतल्या रिंगच्या कडेला टेकल्याशिवाय खरे माप कळत नाही. प्रीलोड अति झाल्यास हीच कड आधी तापते. बेअरिंग उघडल्यावर रोलरच्या जाड टोकावर ओरखडे आणि निळसर झाक दिसली, तर प्रीलोड आणि वंगण या दोन्ही गोष्टी आधी तपासाव्यात.