तेर्स मोबाइलवर, मग इगर्जीत कशाला?

साष्टीकार:
कालची पोस्ट: "तेर्स, बायबल, आत्मपरीक्षण सगळं मोबाइलवर आहे, आध्यात्मिक घडणीसाठी इगर्जीत (चर्चमध्ये) खेपा कशाला?" वाचून गप्प बसवेना. तेर्स म्हणजे माळेवरची मरियामातेची प्रार्थना. माळेला नमो मरियाचे 53 मणी असतात ते मोजायचं काम बोटांवर सोपवायला. बोटं मोजतात, डोळे मिटलेले, मन रहस्यावर, म्हणजे येशू-मरियेच्या जीवनातल्या प्रसंगावर. ॲपवर दर प्रार्थनेला टिचकी, म्हणजे डोळा पुन्हा आकड्यावर. त्यात तिसऱ्या रहस्याला वीजबिलाचा मेसेज. वर "सलग 40 दिवस" म्हणून शाबासकी, एक दिवस चुकला की शून्य! माणूस प्रार्थना सोडून आकडा सांभाळत बसतो.

आणि घरचा तेर्स दोन अर्धांत चालतो. एकाने "नमो मरिये" म्हणायचं, बाकीच्यांनी "पवित्र मरिये" उचलायचं. पूर्वार्ध मोबाइल म्हणू लागला की पोरांवर पुढे होऊन म्हणायची पाळीच येत नाही. पाच जणांना पाच दशकं (दहा-दहा नमो मरिया) वाटून द्या. तेर्स संपल्यावर पोरं बेसांव (आशीर्वाद) मागतात, तो काय मोबाइलकडे मागायचा?

बार्देशी:
पाच माणसं आता कुणाच्या घरी असतात हो? तारवट्याला, म्हणजे बोटीवरच्या खलाशाला, भर समुद्रात मिस (चर्चमधली उपासना) कोण देणार? त्याने थेट प्रक्षेपण लावून आत्मिक कम्युनियनची (मनानेच ख्रिस्तप्रसाद घ्यायची) प्रार्थना म्हटली तर तुमचं काय गेलं?

साष्टीकार:
तारवट्याला सूट. मडगावात सोफ्यावर चहा पीत रेकॉर्डिंग दीडपट वेगाने पळवणाऱ्याला नाही. इंटरनेटवर चर्चचे संस्कार (सॅक्रामेंट) होत नाहीत, व्हॅटिकनने 2002 सालीच लिहून ठेवलंय. कुमसारही (पापांची कबुली) फोनवर नाही.

फोंडेकर:
फोनवर कुमसार होतो असं म्हटलं कुणी? उगाच नसत्या माणसाशी भांडताय. खरी चूक संत इग्नाशियसने घालून दिलेल्या आत्मपरीक्षणात होते. पायऱ्या पाच: आभार, पाप कळावं म्हणून कृपा मागणं, दिवसाचा तासातासाने हिशेब, क्षमा, सुधारायचा निर्धार. बरेच ऑडिओ पाचांनाही सारखाच वेळ देतात. 15 मिनिटांतली निम्मी तरी तिसरीला हवीत, नाहीतर हिशेब सकाळच्या नऊपर्यंत पोचता पोचता क्षमेचं संगीत सुरू. तिथे पॉज दाबा, संपलं. त्यासाठी ॲप काढून टाकायची गरज नाही.

राशोलवाला:
घडण कानांनी होते हे आपल्याकडे जुनंच आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 साली इथे गोव्यात राशोलला छापलं ते ओव्यांत, म्हणजे मोठ्याने म्हणायला. आणि मराठीत, हेही लक्षात असू द्या.

बार्देशी:
आलात मराठीवर! ते पुस्तक रोमन लिपीत छापलं होतं, तेही सांगा की. आणि त्याच स्टीफन्सची दौत्रिन (धर्मशिक्षणाचं पुस्तक) 1622 ची, कोंकणीत. व्याकरणही कोंकणीचंच लिहिलं, 1640 साली छापलं.

राशोलवाला:
पुराण मराठी, दौत्रिन कोंकणी. एकाच माणसाला दोन्ही येत होत्या. तुम्हाला एकच येते, त्याला स्टीफन्स काय करणार?

बार्देशी:
जिभेला हाड नाही तुमच्या. रोमीत (रोमन लिपीतली कोंकणी) वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना देवनागरी प्रार्थनापुस्तक हातात दिलं तर ते उघडणारही नाहीत, ही आजची अडचण आहे. चारशे वर्षांपूर्वीची मराठी घेऊन काय करू?

फोंडेकर:
अहो, मग ऑडिओच बरा की! आवाजाला लिपी नसते. साष्टीकारबाब, हे तुमच्याच विरुद्ध जातंय बघा.

साष्टीकार:
जातंय खरं. बरं, ऐकण्यापुरता मोबाइल कबूल. स्क्रीन उपडी, विमान मोड चालू, फाईल आधी उतरवून ठेवलेली, आणि आवाज फक्त रहस्य वाचेल. नमो मरिया घरच्यांनीच म्हणायच्या. माळ हातातच.

राशोलवाला:
रहस्य मराठीत वाचणार की कोंकणीत?

बार्देशी:
झालं, परत सुरू.