घरच्या संगणकाला विकतचा अँटीव्हायरस हवाच का?

देवगिरी
नवा लॅपटॉप घेतला की दुकानदार अँटीव्हायरसचं पाकीटही बिलात धरतो, आणि आपण काही न विचारता पैसे देतो. माझ्या मते अस्सल विंडोज ११ असलेल्या घरच्या संगणकाला त्याची गरज नाही. विंडोज ८ पासून (२०१२) मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आतच मिळतो. एव्ही-टेस्ट या जर्मन संस्थेच्या चाचण्यांत तो गेली काही वर्षं विकतच्यांच्या बरोबरीने वरच्या गुणांत असतो. तेच पैसे बाहेरच्या हार्डडिस्कवर घाला. खंडणी मागणाऱ्या व्हायरसने फोटो कुलूपबंद केले, तर ते परत मिळवण्याचा भरवशाचा मार्ग एकच, वेगळी ठेवलेली प्रत. फक्त काम झालं की ती डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर तीही सोबत जाते.

पंचगंगा
पूर्ण असहमत. माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. दिवसभर लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात आणि त्यातल्या कित्येकांत शॉर्टकट व्हायरस असतो: मूळ फोल्डर लपवलेलं, वर त्याच नावाचा शॉर्टकट. तो क्लिक केला की लागण झालीच. या लोकांच्या घरी डिफेंडर चालू आहे की बंद, हे त्यांना माहीतच नसतं. विकतच्या अँटीव्हायरससोबत फोन उचलून मराठीत समजावणारा माणूस मिळतो. क्विक हील ही अँटीव्हायरसची कंपनी पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिली. संगणक बिघडला की माणूस लागतो, हे ती उभी करणाऱ्या काटकर बंधूंनी जवळून पाहिलं होतं. ती गरज आजही आहे.

मनवा
पंचगंगा, डिफेंडर बंद का असतो तेही सांगा ना. विंडोज फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करणारं क्रॅक टाकताना सूचनाच असते, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’ लोक करतात. मग कुठलाही अँटीव्हायरस काय करणार? दाराची कडी आपणच काढून दिलेली असते.
आणि आता पैसा फायली कुलूपबंद करण्यातच आहे असं नाही. गेमच्या चीटमधून, फुकटच्या फोटोशॉपमधून येणारे चोर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज, म्हणजे ‘हा आधीच लॉगिन आहे’ हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी, उचलतात. कुकी हाती लागली की ओटीपीसुद्धा आडवा येत नाही, कारण लॉगिन आधीच झालेलं असतं.

देवगिरी
मनवा यांच्याशी सहमत. जगभर पसरलेला खंडणीचा व्हायरस वॉनाक्राय आठवा. तो ज्या फटीतून शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दिली आणि हल्ला १२ मे रोजी झाला. दोन महिने हातात असूनही ज्यांनी अपडेट घेतलं नाही, तेच सापडले. बहुतेक मशीन विंडोज ७ ची होती. अपडेट बंद करून ठेवणाऱ्याला अँटीव्हायरस विकणं मला पटत नाही.

पंचगंगा
‘क्रॅक वापरू नका’ म्हणणं सोपं आहे. जुनं मशीन घेऊन शिकणाऱ्या पोराने अस्सल विंडोजसाठी हजारो रुपये कुठून आणायचे? विंडोज १० ला मिळणारी नेहमीची फुकट सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या मशीनवर ११ अधिकृतपणे चढत नाही. अशी मशीन उद्या कोणी फेकून देणार नाही. तोवर त्यांच्यावर काहीतरी पहारा नको का? पेनड्राइव्हवर लक्ष ठेवायला सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं ‘यूएसबी प्रतिरोध’ आहे, सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साफसफाईची साधनंही फुकट आहेत. पण ती मी सांगेपर्यंत गिऱ्हाइकांपैकी कोणाला ठाऊक नसतात.

सावंतवाडीकर
जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. फुकट, अस्सल, आणि विंडोजचे व्हायरस तिथे सहसा चालत नाहीत. ब्राउझर, पत्रलेखन, व्हिडिओ, सगळं होतं.

पंचगंगा
घरी होईल. माझ्याकडे श्री-लिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) आणि पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) यांत केलेल्या वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. त्या लिनक्सवर सरळ उघडत नाहीत.

देवगिरी
दुकानाचं वेगळं, तिथे अनोळखी पेनड्राइव्ह रोजचेच. तुम्ही विकतचा घ्या, माझं काही म्हणणं नाही. मी घराबद्दल बोलतोय. घरी आईवडिलांसाठी ॲडमिन नसलेलं साधं खातं उघडून द्या. नवं सॉफ्टवेअर टाकताना पासवर्ड मागितला की ते आपल्याला फोन करतात. शिवाय फायलींची शेपटं, म्हणजे नावाच्या शेवटी प्रकार सांगणारी अक्षरं, दिसतील अशी सेटिंग करा. विंडोज ती मुळात लपवतं, म्हणून ‘वीजबिल.पीडीएफ.ईएक्सई’ हा खरं तर चालणारा प्रोग्रॅम नुसतं पीडीएफ वाटतो.

मनवा
साधं खातं चांगलंच, पण त्यावर विसंबू नका. पासवर्ड चोरणाऱ्याला अनेकदा ॲडमिन व्हावंच लागत नाही, त्याच खात्यातला ब्राउझर त्याला पुरतो. माझ्या आईच्या मशीनवर बँकेचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला नाही. तो वहीत आहे आणि वही कपाटात.

पंचगंगा
वहीचं पटलं. विकतच्या अँटीव्हायरसबद्दल मात्र माझं मत तेच आहे. आईवडील फोन करतात तेव्हा तुम्ही ऑफिसात असता, आणि त्यांच्या गावात उत्तर देणारा दुसरा कोणी नसतो.