जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड : गरम झालं की एका सिलिंडरचा करंट जातो

भीमाकाठ :
उजनीच्या पाण्यावर होडीला १५ हॉर्सपॉवरचं जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन आहे. दोन सिलिंडर, सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा), दोन्हींना वेगळी कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी). सकाळी दुसऱ्या ओढीला सुरू होतं. वीसेक मिनिटं पळालं की एकदम दम सोडतं, एकाच सिलिंडरवर चालतं. अर्धा तास थांबलं की परत नीट. खालचा प्लग दर वेळी ओला आणि काळा, वरचा तपकिरी. प्लग दोनदा बदलले. ऑइल लिटरला २० मिली. सोलापुरात सीडीआय बदला म्हणतात. बदलू का?

मॅग्नेटो :
थांबा, एवढ्यात नको. ऑइल जास्त असतं तर दोन्ही प्लग काळे झाले असते. स्टॉप स्विचची वायर अर्थ होत असती तर दोन्ही सिलिंडर गेले असते. प्लग ओला आहे म्हणजे पेट्रोल पोचतंय, जळत नाही. संशय खालच्या कॉइलवर, तिच्या जाड वायरवर नाहीतर प्लगवर बसणाऱ्या कॅपवर.

आधी कॅप बघा. स्क्रूसारखी फिरवून काढायची असेल तर काढा. वायरच्या टोकाची तार हिरवी-काळी पडलेली दिसेल. ५-६ मिमी कापा, चकचकीत तांबं लागलं की कॅप परत घट्ट बसवा. कॅपवर ५ किलोओमचा रेझिस्टर असेल तर मीटरवर साधारण तेवढंच दाखवायला हवं. आकडा फार वर गेला किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप बाद.

तरीही गेलं तर दोन्ही कॉइल आपापसांत बदला, कॅप आणि जाड वायरीसकट. दोष वरच्या सिलिंडरला गेला तर कॉइल खराब. खालीच राहिला तर मग सीडीआय, आणि त्याआधी कनेक्टर साफ करून बघणं.

गॅपपाना :
वरचं सगळं बरोबर, पण तपासणी मशीन गरम असतानाच करा. कॉइलच्या आतली तुटकी तार थंड असताना टेकते, तापली की सुटते. गार झाल्यावर मीटर लावला तर सगळं ठीकच दिसणार. थंड आणि गरम, दोन्ही आकडे लिहून ठेवा.

किनाऱ्यावर चालवायचं तर मोकळ्या हवेत, खालचा पाय पाण्याच्या पिंपात बुडवून. कोरडं चालवलं की इम्पेलर (थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा) लगेच जातो. करंट बघताना दोन्ही प्लग ब्लॉकला घट्ट टेकवा, छिद्रापासून लांब. ओल्या सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ निघते, ती पेटते. स्टॉप स्विचची दोरीवाली सेफ्टी क्लिप स्विचवर लावलेली हवी, नाहीतर ठिणगी मुळात येणारच नाही. ठिणगी बघायच्या टेस्टरवर ६ मिमी अंतर ठेवून निळी, कडक ठिणगी उडायला हवी. पिवळी, केसासारखी बारीक असेल तर कमजोर.

भीमाकाठ :
कॅप काढली, आत तार काळी होती. कापून बसवली. प्लग वाळूच्या मशीनवर साफ करून तेच टाकू का?

मॅग्नेटो :
वाळू नको. पोर्सिलेनभोवतीच्या फटीत कण राहतात आणि सिलिंडरला ओरखडे पाडतात. नवाच टाका, नंबर मॅन्युअलचाच. एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, तो घातला तर काजळी आणखी धरेल. गॅपही (प्लगच्या टोकांमधलं अंतर) मॅन्युअलप्रमाणे फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी. हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने अर्धा फेरा. जुना प्लग परत लावताना फक्त थोडासा. दंडुका लावून आवळला तर अल्युमिनियमचे आटे जातात.

गॅपपाना :
वीस मिनिटांनी परत गेलं तर कॉइलची अदलाबदल. कॉइल बदलूनही खालचा प्लगच ओला राहिला तर दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजा. खालचं १५ टक्क्यांहून जास्त कमी निघालं तर दुखणं इग्निशनमध्ये नाही, पिस्टनच्या रिंगेत किंवा गॅस्केटमध्ये आहे.