प्रतिसाद: बेकरीतली पिठाची धूळ आणि दमा

बेकरीत पिठाची धूळ श्वासात जाऊन दमा होऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधायचा सल्ला काही जण देतात, पण बारीक मैदा रुमालातून सहज आत जातो. मास्क हवाच तर नाकावर घट्ट बसणारा एन-९५.

मुळात धूळ उडूच देऊ नये. गोणी झटकू नका; तिचं तोंड भांड्याच्या तळाशी नेऊन पीठ हळू सोडा. मिक्सर पीठ भिजेपर्यंत मंद, झाकण लावून. ओट्यावर पीठ भुरभुरण्याऐवजी तेलाचा हात फिरवा. कोरडा झाडू आणि ब्लोअर बंद, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेड इम्प्रूव्हरमधलं (पाव चांगला व्हावा म्हणून पिठात घालतात त्या मिश्रणातलं) अमायलेज हे एन्झाइम अगदी थोडंसुद्धा अ‍ॅलर्जी आणू शकतं, म्हणून भुकटीऐवजी पेस्ट मागवा.

कोकणात पावसाच्या झडीत दारं-खिडक्या लावाव्या लागतात, तेव्हा एक्झॉस्ट मिक्सरजवळच हवा. सुट्टीत बरं आणि कामावर आलं की शिंका, असं होत असेल तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगाच; दम्याआधी बऱ्याचदा नाकच बोलतं.